मामाचा कोट सुखरूप पोचला

पॉइंट कुक, मेलबर्न
१० फेब्रुवारी २०२६

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पोचल्या पोचल्या फोन केला तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "कोट कसा आहे?" मुलगी, जावई आणि नातू यांचा नंबर त्यानंतर लागला. तर सांगते, कोट ठणठणीत आहे. खांद्याला, कोपराला, पाठीला, कुठेही एक चुणी नाही. माणसांबद्दल तेवढ्या खात्रीने सांगता येणार नाही. सगळं फोनवर बोलले नाही, कारण आई, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि नेमक्या त्याच वेळी तुझ्याकडे भिशीच्या बायका बसलेल्या असतात. म्हणून हे पत्र. बाबा, मोठ्याने वाचून दाखवू नका. निदान शेवटचा भाग तरी.

बॅगा भरायच्या रात्रीपासून सुरुवात करते. तुम्ही दोघं तिथेच होतात, पण आपापल्या बाजूने लढत होतात. अख्खं रणांगण फक्त मला दिसलं.

तुमच्या जावयाने, अमितने, महिनाभर व्हिडिओ बघून बॅग भरण्याचं शास्त्र आत्मसात केलं होतं. इथे जिचं लग्न होतं त्या रेवाच्या सख्ख्या मामाचा व्हिसा लग्नाच्या आधी येत नाही हे कळल्यावर मामा म्हणून याची नेमणूक झाली, आणि तेव्हापासून हा माणूस बदललाच. एरवी गेली बारा वर्षं ऑफिसला चुरगळलेल्या टी-शर्टात जाणारा, पण "मामा अंतरपाटाशी सगळ्यांच्या समोर उभा असतो, फोटोत कायमचा येतो" हे त्याच्या मनाने घेतलं. त्याचं म्हणणं, कपड्यांची घडी घालणं हा जुना विचार झाला, आता कपडे गुंडाळायचे असतात. त्याने तुझ्या पलंगावर शर्ट पालथा घातला, बाह्या आत घेतल्या आणि खालून वर गुंडाळत नेला. तू दारात लसूण सोलत उभी होतीस. म्हणालीस, "वळकटी."

"नाही आई, ही रोलिंगची पद्धत आहे."

"असेल. आमचे मामंजी असल्याच वळकटीवर पंढरपूर करून आले होते."

मग त्याने दुसरा प्रयोग दाखवला. मधे मोजे-बनियनांचा गठ्ठा ठेवायचा, त्याच्याभोवती एक शर्ट या बाजूने, एक पँट त्या बाजूने अशी लपेटत जायची. कपड्याला कुठे कोनच होत नाही, नुसती गोलाई राहते, आणि कोन नाही तर चुणी नाही. हे सगळं त्याने पाच मिनिटं मन लावून समजावलं. तू ऐकून घेतलंस, लसणीची सालं पदरात गोळा केलीस आणि आत जाता जाता एवढंच म्हणालीस, "गाठोडं."

हसू नकोस, पण विमानात मला झोप आली नाही तेव्हा मी यावरच विचार करत होते. माणसाने कितीही प्रगती केली तरी कपडे न्यायचे प्रकार तीनच, वळकटी, गाठोडं आणि परीटघडी. तिन्हींना आपल्याकडे आधीपासून शब्द आहेत. आणि अमितच्या व्हिडिओवाल्या तज्ज्ञांनी जे गुणदोष सांगितले ते तुला विचारले असते तर तू फोडणी देता देता सांगितले असतेस. वळकटी अंगाबरोबर ताणल्या जाणाऱ्या कपड्यांना चांगली, म्हणजे टी-शर्ट, पायजमा, ईशानच्या चड्ड्या. कडक शर्टाची वळकटी केली तर एका मोठ्या चुणीच्या जागी पन्नास बारीक चुण्या मिळतात. गाठोड्यात चुण्या खरंच पडत नाहीत, पण वाटेत एक रुमाल हवा असला तर सगळं सोडावं लागतं. आजीच्या गाठोड्यातून एक लुगडं काढायचं म्हणजे अर्धं घर ओटीवर मांडलं जायचं, आठवतं ना?

राहिली परीटघडी. परीट दारी येईनासा झाला, उरण नाक्याकडचा आपला इस्त्रीवालासुद्धा कोळशावरून गॅसवर गेला, आता शर्टावर राखेचा ठिपका शोधूनही सापडत नाही, तरी शब्द जागच्या जागी आहे. या घडीचे आपल्या घरातले खरे उपासक म्हणजे बाबा. १९९८ साली हार्बर लोकल पनवेलपर्यंत आली तेव्हा अख्ख्या गावाला आनंद झाला की आता बसून व्हीटीला जाता येईल. गाडी इथूनच सुटते, हवी ती खिडकी घ्या. आणि आमचे बाबा त्या रिकाम्या डब्यात दाराजवळ उभे! का, तर बसलं की पँटची क्रीज मोडते. सव्वा तास उभे. मानखुर्दला गर्दी चढली की लोकांना वाटायचं, या माणसाला बिचाऱ्याला जागा मिळालेली नाही. रात्री तीच पँट गादीखाली, क्रीजवर क्रीज बसवून. मी लहानपणी त्या गादीवर उड्या मारल्या म्हणून मार खाल्लेला आहे. हलक्या हाताचा, पण मार तो मारच.

तर कोट. तो तू भरलास आणि ते दृश्य मी कधी विसरणार नाही. अमित ती पोकळीवाली पिशवी घेऊन तयारच होता. कपडे घालायचे, पंपाने हवा ओढून घ्यायची, म्हणजे उशीएवढा ढीग भाकरीएवढा होतो. कोट त्यात घालणार एवढ्यात तू त्याच्या हातातून तो काढून घेतलास. काढूनच घेतलास, मागितला नाहीस. आधी सगळे खिसे उलटे करून झटकलेस. मग कोट पाठीकडून धरून एक खांदा संपूर्ण उलटा केलास, अस्तर बाहेर. दुसरा खांदा सरळच ठेवून त्या उलट्या खांद्याच्या खोबणीत असा बसवलास, जसा वाटीत वाटी. बाह्या आपोआप आत एकावर एक आल्या, बाहेर नुसतं गुळगुळीत अस्तर राहिलं. खांद्याच्या पोकळीत ईशानचे धुतलेले मोजे भरलेस, पॅड दबू नयेत म्हणून. मग कपाटाच्या खालच्या खणातून ती पिशव्यांची पिशवी काढलीस. लाँड्रीतून आलेलं पातळ प्लॅस्टिक, गेल्या वीस वर्षांचं, नीट घडी केलेलं. त्या पिशवीवरून मी तुला कितीदा बोलले असेन. एक कोटाच्या वर, एक मधे, एक खाली. अमितने विचारलं, याने काय होतं? तू म्हणालीस, "सरकतं. कापड कापडाला धरून बसलं की चुणी पडते. सरकलं की नाही पडत." मग बॅगेत जागा रिकामी राहिली तिथे अमितच्या शर्टांच्या वळकट्या खोचल्यास. बॅग कोंबायचीही नाही आणि डुगडुगती ठेवायचीही नाही, नाहीतर आतले कपडे विमानभर लोळत राहतात.

मी तेव्हा काही बोलले नाही, पण अमितने पुढे आठवडाभर शोधूनही त्या खांद्यात खांदा घालण्याच्या युक्तीपेक्षा चांगलं काही त्याला सापडलेलं नाही. तू कुठे शिकलीस ते फोनवर सांगितलंस तेव्हा तो गप्पच झाला. टिळक रोडवरच्या शिंप्याच्या दुकानात बाबांचा लग्नातला कोट आणायला गेली होतीस आणि त्याने बांधून देताना पाहिलंस. एकदा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी.

आता प्रवास. घराशेजारी विमानतळ झाला, २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडतायत, आपल्या गच्चीवरून ती दिसतात म्हणून तुम्ही रोज संध्याकाळी खुर्च्या टाकून बसता, आणि आम्ही मात्र दोन तास आधी निघून सहारला गेलो, कारण तिकिटं सहारची. वाशीच्या पुलावरच्या खोळंब्यात अमित तीनदा म्हणाला, "डिकीत बॅग आडवी आहे ना? उभी नको." रद्दीवाल्याकडून आणलेला बाबांचा हुकाचा काटा खरा निघाला बरं का. तुमच्या काट्यावर एकोणतीस किलो नऊशे, काउंटरवर तीस. मागचा माणूस तेवढ्यासाठी लोणच्याची बरणी काढून रडत होता.

आणि मग इथला विमानतळ.

आई, तुला शंभरदा सांगितलंय, या देशात पान, बी, माती, लाकूड यांच्याबाबतीत फार कडक आहेत. बेट आहे. बाहेरची कीड आली की शेतीचं वाटोळं होईल म्हणून विमानात एक कार्ड भरून द्यावं लागतं. मी प्रामाणिकपणे सगळ्यावर "हो" केलं. गोडा मसाला आहे, मेतकूट आहे, लग्नाची हळकुंडं-सुपाऱ्या आहेत. दाखवलं की दंड होत नाही, वस्तू फार तर ठेवून घेतात. लपवलं तर मात्र खैर नाही. आमच्या वाट्याला एक बाई आली. माझ्यापेक्षा वीतभर उंच, केस घट्ट बांधलेले, हातात निळे मोजे. डबे बघितले, वास घेतला, मेतकुटाला शिंकली, पुढे सरकवले. मग विचारलं, "झाडपाल्याचं आणखी काही?" मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "नाही."

तिने तुझ्या पैठणीचं पुडकं उचललं.

बाबांच्या जुन्या धोतराचं मऊ फडकं तिने उलगडलं, पदर थोडा वर केला, आणि त्या मोरांच्या मधून पोलादी टेबलावर भुरभुर पडला कडुनिंबाचा पाला! वाळलेला, चांगला ओंजळभर. त्यामागून वेखंडाचं एक कांड गडगडत आलं आणि कडेला जाऊन थांबलं. मी बघतच राहिले. अमित माझ्याकडे बघत राहिला. ईशान म्हणाला, "आजी!"

मला माहीत आहे, तू सांगणार की रेशमाला डांबराच्या गोळ्या लावायच्या नसतात, जर काळी पडते. बरोबर आहे. पण निदान मला सांगायचं! मी त्या बाईला समजावलं की ही माझ्या आईच्या लग्नातली येवल्याची पैठणी आहे, कसर लागू नये म्हणून आईने पाला घातलाय, आणि मला न सांगता घातलाय. ती शेवटच्या मुद्द्यावर विरघळली. म्हणाली, तिची आईसुद्धा कपाटात लव्हेंडर ठेवते आणि तिला न विचारता ठेवते. कार्डावर आम्ही झाडपाल्याला "हो" केलेलं होतं, त्यामुळे दंड टळला. पाला आणि वेखंड एका पिशवीत जमा झालं. पण आत एखादं पान राहायला नको म्हणून अख्खी साडी उलगडून झटकावी लागणार होती.

आता बघ, पैठणी एकट्याने घडी करता येत नाही. तू आणि मी दर दसऱ्याला गच्चीवर करायचो तसं दोघीजणी लागतात. अमित पुढे झाला, पण त्याच्या हाताला घाम. तेव्हा त्या बाईने काय करावं? तिने निळे मोजे काढले, दुसरे कोरे घातले आणि पदराची दोन टोकं धरली. मी दुसरी दोन. ताणली, झटकली. मधे आली, माझ्या हातात टोकं दिली, वाकून खालची दुमड उचलली, परत मागे गेली. कुणी शिकवलं नव्हतं तिला, पण चादरीची घडी जगात सगळीकडे एकच असणार. तिसऱ्या दुमडीला ती जुन्याच रेघेवर घडी घालायला गेली. मी म्हटलं, "नको, तिथे नको." आणि तिला ती जागा दाखवली, काठातल्या पोपटाच्या मानेशी, जिथे वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी दुमडून जरीचे चार धागे तुटलेत. तिने चष्मा वर करून पाहिलं. काही बोलली नाही. चार बोटं सरकवली आणि तिथे घडी घातली. अगदी तू घालतेस तशी, जर आतल्या बाजूला.

मागे सव्वाशे माणसं रांगेत. कुणीही कुरकुरलं नाही. फक्त अमित हळूच म्हणाला, "गाठोडं केलं असतं तर सोपं गेलं असतं."

घरी आलो तेव्हा पहाटेचे तीन. बाकी सगळं सकाळी म्हणून झोपणार होते, पण अमितने तशाच रात्री कोट काढला. दोन्ही खांदे सरळ केले, रुंद हँगरला लावला आणि दिवा लावून बघत बसला. एक रेघ नव्हती, आई. खरंच नव्हती. पाठीवर मधोमध एक हलकी दुमड होती, तीसुद्धा सकाळपर्यंत गेली. ईशानने सांगितलं, लोकरीचा तंतूच मुळात कुरळा असतो, स्प्रिंगसारखा, दाबला तरी परत उसळतो. ऑस्ट्रेलियाची मेरिनो मेंढी जगभर कोटाचं कापड पुरवते, तेव्हा हा कोट बहुधा माहेरी आलाय, म्हणून एवढा खुलला. कार्टं आजोबांवर गेलंय.

आणि मग अमितने त्याची पोकळीवाली पिशवी उघडली. फस्स् असा आवाज झाला आणि आतून शर्ट बाहेर आले ते पत्रावळीसारखे. घडी घातलेल्या कपड्यावर चार-पाच रेघा असतात, यांच्यावर नकाशे होते. हवा काढल्याने जागा कमी लागते, वजन तेवढंच राहतं, आणि कापडाला हालचाल करायला जागा न उरल्याने पडेल ती चुणी पक्की होते. तुझं ते "सरकतं" त्याला त्या क्षणी कळलं असावं. तोंडाने बोलला नाही.

ईशानला शाळेत याच आठवड्यात विज्ञानाचा प्रकल्प द्यायचा आहे, आधीच पहिला आठवडा बुडवलाय. त्याला आयता विषय मिळाला. त्याने आम्हाला न्याहारीच्या टेबलावर व्याख्यान दिलं. सुती कापडाचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात आणि शेजारच्या साखळ्यांनी एकमेकींचे हात धरलेले असतात. ओलावा लागला की हात सुटतात, साखळ्या सरकतात, आणि वाळताना जशा असतील तशा अवस्थेत परत हात धरतात. घामट पाठीने खुर्चीत बसलं की चुणी पक्की होते ती म्हणून, आणि पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की ती मोडते तीही म्हणूनच. न चुरगळणारं सुती कापड बनवण्यात रूथ बेनेरिटो नावाच्या बाईंचा मोठा हात. अमेरिकेच्या शेती खात्याच्या न्यू ऑर्लिन्सच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात त्यांनी त्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधून टाकल्या. बाईंच्या नावावर ५५ पेटंटं आहेत आणि त्या ९७ वर्षं जगल्या. मी म्हटलं, इस्त्री करावी लागली नाही की बाई जगतेच तेवढी.

मग शर्टांवर उपाय म्हणून ते न्हाणीघरात टांगले आणि गरम पाण्याचा शॉवर सोडला. इथे मागे मोठा दुष्काळ पडला होता, तेव्हापासून चार मिनिटांत आंघोळ उरकायची वाळूची घड्याळं घराघरात आहेत. ईशान ते घड्याळ घेऊन दाराशी पहारेकरी. चार मिनिटांत वाफेने शर्ट ऐंशी टक्के बरे झाले, अमित शंभर टक्के भिजला.

आता लग्न, आणि बाबा, इथून पुढे तुम्ही एकटेच वाचा.

शनिवारी, ७ तारखेला, यारा व्हॅलीत हील्सव्हिलजवळ एका द्राक्षमळ्यात लग्न होतं. लांबवर डोंगर, समोर द्राक्षांच्या रांगा, मधे मांडव, आणि ऊन मी म्हणत होतं. मी तुझी पैठणी नेसले. तीन बायकांनी काठाला हात लावून पाहिला. तुटलेले चार धागे निऱ्यांत गेले, कुणाला दिसले नाहीत. मला एक गंमत वाटली. कपड्याला नकळत चुणी पडली की माणूस गबाळा ठरतो, आणि मी पंधरा मिनिटं आरशासमोर उभी राहून मोजून सात चुण्या पाडल्या तर त्याला निऱ्या म्हणायचं आणि वर कौतुक करायचं.

अमितने कोरं धोतर नेसलं, पांढरा झब्बा घातला, आणि पाठमोरा होऊन म्हणाला, "उपरणं नीट टाक गं." मी उपरणं हातात घेतलं आणि तशीच थांबले.

बाबा, त्या रात्री तुम्ही आम्हाला न सांगता झब्ब्याच्या घड्यांमध्ये वर्तमानपत्र घातलंत. घडी राहावी म्हणून. तुमचा हेतू चांगला होता. पण जावईबापूंनी झब्बा इस्त्रीवाल्याकडून आणला तो गरम गरमच बॅगेत टाकला होता, त्याने मारलेलं पाणी वाळलंसुद्धा नव्हतं. आईने किती वेळा सांगितलंय, इस्त्रीचे कपडे गार होऊ द्या. ओलावा, ऊब आणि वर तीस किलोचा दाब. छापखान्यात तरी आणखी काय करतात? जावयाच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पाव पान जाहिरात उमटलेली होती. उलटी. काळ्याभोर मोठ्या टायपात.

मुहूर्ताला वीस मिनिटं. दुसरा झब्बा नाही. मी एवढंच म्हटलं, "आज कोट काढायचा नाही. काही झालं तरी." आणि कोट चढवून बंद गळ्याचं वरचं बटणसुद्धा लावलं.

कोट दिसत होता मात्र देखणा. अंतरपाट वाऱ्याने फडफडत होता, दोन मुलं तो टोकाला लोंबकळून धरत होती, मंगलाष्टकं म्हणणाऱ्या बाई चौथ्यापासून बेसूर झाल्या, आणि त्या सगळ्यात रेवाच्या मागे नारळ घेऊन मामा उभा, ताठ, जणू आत्ताच हँगरवरून उतरवलाय. घामाच्या धारा फेट्यातून निघून कॉलरीत जात होत्या. नवऱ्यामुलाकडची माणसं पहिल्या अक्षतेलाच जॅकेटं काढून खुर्च्यांना लटकवून मोकळी झाली होती. मुलाचे वडील दोनदा येऊन म्हणाले, "अरे बाबा, काढ तो कोट." दुसऱ्यांदा अमितच्या तोंडून निघून गेलं, "आमच्यात लग्न लागेपर्यंत मामा कोट काढत नाही."

झालं. मुलाचाही मामा तिथे होता, टास्मानियाहून आलेला, भला मोठा, तांबडालाल माणूस. त्याने हे ऐकलं. निमूटपणे खुर्चीवरचं जॅकेट उचललं, घातलं, बटणं लावली आणि अमितच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोन देशांचे दोन मामा, शेजारी शेजारी, उकडत. फोटोवाल्याने त्या दोघांचेच वीसेक फोटो काढले. कुणीतरी मला विचारतं, "ही पद्धत तुमच्या पनवेलची का गं?" मी हो म्हटलं. काय करणार!

जेवणाआधी अमितला राहवेना. तो हात धुवायच्या जागी गेला, कोट काढला आणि नळाखाली मनगटं धरून उभा राहिला. तिथे आमच्या मंडळातले एक निवृत्त काका तोंडावर पाणी मारत होते. त्यांनी मान वर करून समोरच्या आरशात पाहिलं. उलटी अक्षरं आरशात सरळ होतात हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. काकांनी खणखणीत आवाजात वाचलं, "नव्या विमानतळापासून पाच मिनिटांवर! वन आणि टू बीएचके! ताबा दिवाळीत!" आणि मग अत्यंत गंभीरपणे विचारलं, "काय रेट चाललाय?"

जेवणाच्या पंगतीत आमटी येईपर्यंत सगळ्या मराठी टेबलांना बातमी लागली की मामा पनवेलला फ्लॅट विकतो. चार जणांनी त्याचा फोन नंबर घेतला. एकाने विचारलं, पाठीवर जाहिरात करायला कंपनी वेगळे पैसे देते का. श्रीखंड वाढेपर्यंत अमितने सोडून दिलं आणि कोट खुर्चीला लावून तसाच बसला. टास्मानियाच्या मामाने ते पाहिलं, लगेच स्वतःचंही जॅकेट काढलं आणि सुटलो बुवा असा चेहरा करून दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

कोट कालच परत पिशवीत गेला, तुझ्याच प्लॅस्टिकसकट. पैठणीची घडी नव्या जागी घातली आहे. चार बोटं सरकून, मुद्दाम तीच खूण ठेवली. पाला घातलेला नाही, लव्हेंडर आणलं आहे. ईशानच्या प्रकल्पाबद्दल शिक्षिकेने विचारलं, संशोधनाला मदत कुणी केली, तर याने लिहिलं, "माझी आजी, पनवेल."

गुडघ्याला तेल लावत जा. बाबांना रात्री गच्चीवर गारठ्यात बसू देऊ नकोस, विमानं मोजायची तर शाल घेऊन मोजा म्हणावं.

तुमची,
मुग्धा

ता. क. बाबा, झब्बा दोनदा धुतला, एकदा लिंबू लावून उन्हात टाकला, तरी जाहिरात गेलेली नाही, नुसती फिकट झाली. त्यात फोन नंबरचा शेवटचा आकडा तीन आहे की आठ ते कळत नाही, तिथे नेमकी बखिया आली आहे. रद्दी अजून दिली नसेल तर २ किंवा ३ फेब्रुवारीचा पेपर बघून तेवढं कळवा. अमित म्हणतोय, चौकशी करायला काय हरकत आहे.